रेडिएटरखाली रोज सकाळी हिरवट डाग दिसतो, काटा मात्र चढत नाही. रेडिएटर बदलावा का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: गाडी पेट्रोल, दहा वर्षं जुनी. महिनाभरापासून सकाळी पुढच्या बंपरखाली तळहाताएवढा हिरवट डाग असतो, आठवड्याला रेडिएटरच्या बाटलीत पेलाभर पाणी घालावं लागतं, टेम्परेचरचा काटा अजून मधोमध आहे. आणि गॅरेजवाला वाकून बघून म्हणाला, "जाळी गेली, रेडिएटर बदला."

एवढ्यावर रेडिएटर बदलू नका. मी कराडला गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. माझ्या हातून एक चांगला रेडिएटर भंगारात गेलाय, म्हणून सांगतो.

एका शाळेतल्या सरांची गाडी होती, डिसेंबरातली गोष्ट. लक्षणं अगदी तुमचीच. खाली वाकलो तर रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात, पाणी काढायच्या बुचापाशी (ड्रेन प्लग) ओल आणि लोंबता थेंब. मी पण हेच म्हणालो, जाळी गेली. नवा रेडिएटर बसवला. चौथ्या दिवशी सर दारात. "डाग तसाच आहे हो." मग मात्र गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी साडेसहाला गोणपाट टाकून, बॅटरी घेऊन खाली शिरलो. रेडिएटरच्या खालच्या मोठ्या रबरी पाइपाच्या क्लिपपाशी मोहरीएवढा थेंब भरत होता. भरला की पाइपाच्या पोटाखालून घरंगळून आडव्या पट्टीवर यायचा, पट्टीच्या उतारावरून वीतभर सरकायचा आणि बरोबर ड्रेन प्लगखाली टपकायचा. इंजिन चालू केलं, दहा-पंधरा मिनिटांत थेंब बंद! रबर जुनं झालं की कडक होतं. थंडीत ते आणि आतली नळी आकसते, क्लिपची पकड सैल पडते. इंजिन तापलं की सगळं फुगून पुन्हा घट्ट बसतं. मी नव्या रेडिएटरला जुनाच पाइप आणि जुनीच क्लिप लावली होती, मग डाग जाणार कसा? रेडिएटरचे पैसे सरांना परत दिले. जुना तोवर भंगारवाल्याने नेला होता.

तुमचं दुखणं हेच असेल असं इथे बसून मी म्हणत नाही. पण डाग सकाळी दिसतो, हे तुम्ही लिहिलंय आणि ते महत्त्वाचं आहे. थंड असताना गळतं की गरम झाल्यावर, यावरून अर्धं निदान होतं.

त्याआधी गळतंय काय ते बघा. रात्री पुढच्या दोन चाकांमध्ये पांढरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चाकं कुठे आहेत ते पेनाने लिहून ठेवा, नाहीतर सकाळी पुठ्ठा काढताना दिशा विसरायला होते. डागाला बोट लावा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, बुळबुळीत लागतं, वासाला गोडसर असतं आणि रंगाने हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी काहीही असू शकतं. नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि तेही एसी लावल्यावरच, तर तो एसीचा निचरा आहे, चिंता सोडा. निळसर आणि साबणाचा वास असेल तर काच धुण्याच्या पाण्याची टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत ती बंपरच्या आतच कोपऱ्यात असते आणि कुठे घासलं की तडकते. या टाकीपायी लोक रेडिएटर उघडून बसलेले मी पाहिलेत. लालसर तेलकट असेल तर ते ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टेअरिंगचं तेल, तो वेगळा विषय. चव मात्र घेऊ नका. आमच्याकडे एक जुने ड्रायव्हर जिभेवर लावून सांगायचे, पण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

कूलंटच आहे असं ठरलं की इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा आणि ओलीपेक्षा सुकलेले डाग शोधा. जिथून जुनी गळती असते तिथे पांढरट किंवा हिरवट खरपुडी धरते, नळाच्या तोटीला धरते तशी. दोन्ही मोठ्या पाइपांची टोकं बघा. रेडिएटरची मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. दोन्ही जिथे दुमडून जोडलेत ती कड सगळीकडून बघा, दहा वर्षांच्या गाडीत ती तडकू शकते. मग वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. तिच्या पोटाला एक बारीकसं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी त्यातून ठिबकतं. ते भोक एम-सीलने बुजवून आलेली गाडीही माझ्याकडे आली होती. काय बोलणार?

नजरेला सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या जागी हातपंप आणि दाब दाखवणारं घड्याळ लावतात, कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात (बहुतेक ०.९ किंवा १.१ असतो) आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा उतरला तर गळती आहे, मग बॅटरी घेऊन शोधायची. तुमच्या बाबतीत ही टेस्ट सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवरच करून घ्या. दुपारी चालवत नेलेल्या गरम गाडीवर काटा जागचा हलणार नाही आणि मेकॅनिक म्हणेल, काही नाही, जा.

कॅपही बदलून बघण्यासारखी वस्तू आहे, स्वस्त असते. तिच्यात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की पाणी बाटलीत सोडते, दुसरी इंजिन गार होताना ते परत ओढू देते. ही दुसरी अडकली की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा प्रकार होतो. कधी कधी वरचा पाइप सकाळी चिपाडासारखा चेपलेला दिसतो, तीही हीच खूण.

बाहेर कुठेच थेंब नाही आणि पाणी तरी कमी होतंय, असं निघालं तर पुढच्या सीटखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं आणि चिकट लागलं तर हीटरची जाळी. तेही कोरडं असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्याचा संशय घ्या, आणि मग गाडी चालवत नेऊ नका.

पाइप-क्लिप निघाली तर काम तासाभराचं आहे. पाइप नवाच घ्या. नळीच्या तोंडाला एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. आणि स्क्रूची क्लिप ताकद लावून पिळायची नसते, प्लॅस्टिकची नळी तडकली तर मग खरंच रेडिएटर घ्यावा लागेल. नंतर तयार कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, बादलीला बसतो तोच थर आत बसतो. रंग सारखा म्हणून कुठलंही कूलंट मिसळू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं बघा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवायचं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत, म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते.

हळद टाका असं कोणी सांगेलच. ट्रकवाले टाकायचे, बारीक भोक बुजायचंही. पण हळद भोक ओळखत नाही, हीटरच्या नळ्याही तितक्याच प्रेमाने बुजवते. बाटलीतून मिळणाऱ्या लीक बंद करणाऱ्या औषधाचंही माझ्या लेखी तेच. रात्री घाटात अडकलात तर एकवेळ ठीक.

काटा मधोमध आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच नीट सांगतो. पाणी खाली गेलं आणि तो कोरडा पडला की इंजिन करपत असताना काटा गारच दाखवू शकतो. तोवर रोज सकाळी बाटली बघा, आणि खंबाटकी घाटासारख्या चढाला गाडी नेऊ नका. वाटेत तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, बाजूला घेऊन इंजिन बंद. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. दाबाखाली आतलं पाणी सव्वाशे अंशांपर्यंत न उकळता राहतं आणि कॅप सुटली की एका झटक्यात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे, शिकाऊ असतानाचा.

खाली सांडलेलं कूलंट पाणी ओतून धुऊन टाका, गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पुठ्ठ्याचा फोटो टाका, चाकांच्या खुणांसकट.