पार्किंग खचतं कुठून? वाचकांचे प्रश्न, साइटवरची उत्तरं

गेल्या अंकात दुकानं-कार्यालयांच्या पार्किंगबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा असा पाऊस पडला की विचारू नका. म्हणजे गाडी लावायची जागा हे सगळ्यांचंच दुखणं आहे. आम्ही बत्तीस वर्षं मुरूम, खडी नि डांबरातच घालवली, त्यामुळे जमेल तशी उत्तरं देतो. सगळी पत्रं घेता आली नाहीत, आणि दर विचारणाऱ्यांनी रागावू नका, दर गावागणिक बदलतो.

प्रश्न : बार्शीजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. दोन वर्षांपूर्वी ८,००० स्क्वेअर फुटांत पेव्हर ब्लॉक बसवले. आता मधे फुगलेत आणि गेटपाशी खचलेत, लग्नात बायकांचे पाय मुरगळतात. एक जण म्हणतो ब्लॉक काढून खाली ४ इंच पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) करा, कायमचं मिटेल. करावं का?

नका करू ताई, अजिबात नका. पैसे जातील आणि दोन पावसाळ्यांनी त्या पीसीसीचेच तुकडे होऊन ब्लॉकसकट वर येतील. तुमची जमीन काळी आहे, बार्शी म्हटल्यावर सांगायलाच नको, आणि काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि एप्रिल-मेत सुकली की अशा भेगा पडतात की त्यात काठी जाते. वर ब्लॉक टाका नाहीतर संगमरवर टाका, खालची जमीन वर्षातून एकदा वर येणार आणि एकदा खाली बसणार.

आधी माती तपासा. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधे फ्री स्वेल टेस्ट करून देतात, फार खर्चाची नाही. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात टाकतात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमधे, आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमधे माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्याच्या नळीत १७ वर, म्हणजे फुगवटा झाला ७० टक्के. ५० च्या वर गेलं की ती माती जागेवर ठेवून वर काहीही करायचं नाही असं समजा.

मग इलाज काय, तर किमान २ फूट काळी माती काढून तिथे चांगला मुरूम भरणं. ३ फूट काढता आली तर सोन्याहून पिवळं. आता हिशोब बघा, ८,००० फुटांत २ फूट म्हणजे १६,००० घनफूट, म्हणजे दाबून बसलेला १६० ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास), आणि ट्रकमधला मुरूम मोकळा असतो, दाबल्यावर बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरून २०० ब्रासच्या आसपास मागवावा लागेल. रॉयल्टीची पावती मात्र मागून घ्या नाहीतर तहसीलचा माणूस तुमच्याच गेटवर उभा राहील. मुरूम परवडत नसेल तर वरच्या थरातल्या काळ्या मातीतच ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती मरू द्यायची ही रीतही आहे, पण मिसळणी नीट झाली पाहिजे, फावड्यानं वरून पसरलेला चुना म्हणजे नुसती रांगोळी.

मुरूम एकदम २ फूट ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे ८ इंच दबतात, खालचं सगळं पोकळ राहतं. ८-८ इंचांचे थर टाकायचे, टँकरनं पाणी मारायचं, मुरूम मुठीत दाबला की लाडू झाला पाहिजे पण हाताला चिखल नाही लागला पाहिजे, मग ८-१० टनी व्हायब्रेटर रोलर. त्याच्यावर खडी-ग्रीटचा ८ इंच थर, दाबून. त्यावर रेती दीड इंच, आणि मग ब्लॉक.

आता गेटपाशी का खचलं ते सांगतो, न बघता. खालची लेव्हल चुकली असणार आणि मिस्त्रीनं ती डस्ट, म्हणजे खडीचा चुरा, भरून झाकली असणार, कुठे १ इंच, कुठे ४ इंच. हे पाप मी स्वतः केलंय. धंद्यात नवा होतो, एका कार्यालयाचं काम होतं, लग्न चार दिवसांवर आलेलं, गेटच्या कोपऱ्यात लेव्हल ३ इंच कमी निघाली आणि मी म्हटलं भरा डस्ट. वऱ्हाडाच्या पहिल्याच बसचं मागचं चाक तिथे असं बसलं की नवरदेवाच्या मामांनी उतरून ढकलली. मालकानं उरलेलं बिल दिलं नाही, मीही मागितलं नाही.

तुमच्याकडे बस, केटरिंगचा टेम्पो, मांडववाल्याचा ट्रक सगळं येतं, म्हणून ६० एमएमचा ब्लॉक चालणार नाही. आपल्या आयएस १५६५८ या भारतीय मानकात २००६ सालीच लिहून ठेवलंय, हलक्या वाहतुकीला ६० एमएम आणि एम-३५ (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकं मजबूत), मध्यमला ८० एमएम आणि एम-४०. तुम्ही ८० घ्या. मांडणी हेरिंगबोन, माशाच्या काट्यासारखी, कारण सरळ ओळीत लावलेले ब्लॉक गाडी जागेवर वळली की सरकतात. आणि चारी बाजूंनी काँक्रीटचा कर्ब, कडा मोकळ्या सोडल्यात तर ब्लॉक दातांसारखे एकेक करून हलायला लागतात. कर्बला लागून बाग असेल तर तिचं पाणी थेट खाली मुरतं, बागेला चर आणि जाड प्लास्टिकचा पडदा द्या.

प्रश्न : तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आवारात गाड्या कमीच, दिवसाला फार तर १५ ट्रक आणि आमच्या ५०-६० कार-बाइक. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो २ इंच डांबर बास झालं, कार जास्त आहेत.

भाऊ, कार मोजूच नका! ५० कार असोत की ५००, त्यांना रस्ता विचारतच नाही. १९५८ ते ६० मधे अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ लष्कराच्या ड्रायव्हरांकडून भरलेले ट्रक दिवसरात्र फिरवून रस्ते मुद्दाम मोडायला लावले होते, त्यातून जे गणित निघालं ते आजही सगळीकडे वापरतात. अॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की नुकसान दुप्पट नाही, साधारण १६ पट. कारचा अॅक्सल ८०० किलोचा धरा, ट्रकचा ८ टनांचा, म्हणजे वजन १० पट आणि नुकसान? १०,००० पट. तुमचा एक ट्रक गेटमधून आत आला की तेवढ्या कार येऊन गेल्या म्हणायच्या.

त्यात २०१८ ला सरकारनं चार टायरच्या अॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन, पण वरचं गणित लावलं तर रस्त्याला त्रास दीडपटीहून जास्त. आणि बेदाण्याच्या हंगामात मर्यादेत भरलेला ट्रक मला दाखवा, चहा माझ्याकडून.

सगळ्या आवारावर सारखा खर्च करू नका. ट्रकची वाट वेगळी काढा, गेट ते वजनकाटा ते डॉक, तेवढ्या पट्ट्यात ८ इंच एम-४० काँक्रीट, खाली नीट दाबलेला बेस, सांध्यात डोवेल बार, म्हणजे दोन स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळया. कार लावायच्या जागेला डांबर किंवा ब्लॉक. ट्रेलर सुटा करून ठेवत असाल तर त्याचे पुढचे लोखंडी पाय जिथे टेकतात तिथे डांबर अजिबात नको, मेमधे ते पाय लोण्यात सुरी गेल्यासारखे घुसतात.

काँक्रीटचं सगळं मरण ग्रूव्ह कटिंगमधे असतं. काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडा जाणारच, आपण फक्त तो कुठे जावा ते ठरवायचं, म्हणून साधारण ४ मीटरवर स्लॅबच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका खोल काप घ्यायचा. पण वेळेत! उन्हाळ्यात ६-८ तासांतच कटर लागतो, थंडीत जरा उशिरा. काप घेताना कडेची खडी उचकटली तर लवकर झालं, थोडं थांबा. पण कटरवाला संध्याकाळी घरी गेला नि सकाळी नऊला डबा घेऊन आला तर तोवर स्लॅबनं स्वतःचा काप स्वतःच घेतलेला असतो, वाकडातिकडा, आणि मग मालक, आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर तिघं त्या तड्याकडे बघत उभे. माझ्या साइटवर कटरवाल्याची झोपायची सोय साइटवरच असायची.

प्रश्न : नागपुरात हॉस्पिटल आहे. टू-व्हीलर पार्किंगचं डांबर स्टँडनं भोकं पडून चाळणी झालंय. डांबर खराब होतं का?

डांबर खराब असेलही, पण नागपूरच्या मेमधे चांगलं डांबरही मऊ पडतं. हवा ४५ डिग्री असली तर काळा पृष्ठभाग ६० च्या वर जातो, आणि बाइकचं सगळं वजन साइड स्टँडच्या रुपयाएवढ्या टोकावर. शिवाय इंजिनातून ठिबकणारं ऑइल आणि पेट्रोल डांबराला विरघळवतं. टू-व्हीलरच्या पट्ट्यात काँक्रीट किंवा ब्लॉक करा, जनरेटरच्या डिझेल टाकीजवळही तेच. ड्राइव्ह-वेला डांबर चालेल, पण विदर्भात व्हीजी-३० ऐवजी व्हीजी-४० मागा (हे डांबराचे प्रकार), ते जरा कडक. आणि अॅम्ब्युलन्सच्या वाटेवर ब्लॉक नकोत, आत झोपलेल्याला प्रत्येक सांधा कळतो.

प्रश्न : गुहागरला रिसॉर्ट आहे. पार्किंगमधे रिसेप्शनच्या पायरीशीच तळं साचतं. ढाळ किती ठेवायचा?

१०० फुटाला १ फूट हा अगदी कमीत कमी. कोकणातला पाऊस बघता मी दीड ते दोन फूट ठेवतो. आणि ढाळ इमारतीपासून लांब, हे सांगायला लागू नये, पण तुमच्या फोटोत तो सरळ पायरीकडे येतोय. लेव्हल पाण्याच्या ट्यूबनं नाहीतर डम्पीनं (लेव्हल मोजायच्या दुर्बिणीनं) तपासायची, डोळ्यानं नाही, कोकणात सगळंच उताराचं असल्यामुळे डोळा फसतो. डांबर पडायच्या आधी, खडीच्या थरावरच टँकर रिकामा करून बघा पाणी कुठे पळतं, थांबलं तिथे खडूनं गोल काढा आणि तेवढंच दुरुस्त करा.

तुमच्या खाली जांभा आहे ही चांगली गोष्ट, तो पाणी पितो. सगळं फरसबंद करण्यापेक्षा गाड्या उभ्या राहायच्या जागेला भोकाचे गवताचे ब्लॉक टाका. फक्त भोकांत चिकट लाल माती भरू नका, एका पावसात बुजतात, रेतीमिश्रित माती घाला.

प्रश्न : काका, मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, डेंटल क्लिनिकचा छोटा पार्किंग लॉट आहे. दर हिवाळ्यानंतर नवे खड्डे. दरवर्षी सीलकोट करतो, तरी.

बाळा, सीलकोट म्हणजे डांबरावरून फासलेला पातळ थर, नुसती पावडर, हाड मोडलं तर पावडर लावून काय होणार! पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्के फुगतं, भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि दर वेळी भेग थोडी थोडी फाकते. त्यामुळे तुझं महत्त्वाचं काम थंडीच्या आधी, ऑक्टोबरात: भेगा हवेनं साफ करून गरम क्रॅक फिलर भरणं. मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर ती भरू नको, तेवढा चौकोन कापून खालच्या खडीसकट नवा कर, खालचा बेस गेलाय त्याचीच ती खूण. बर्फ ढकलून लॉटच्या वरच्या अंगाला ढीग लावतोस का ते बघ, तो वितळून सगळं पाणी लॉटवरूनच वाहतं. ढीग खालच्या बाजूला, गटाराच्या जाळीपाशी.

प्रश्न : नाशिकला शोरूम बांधतोय. तीन कोटेशन आली, सगळ्यात स्वस्त निम्म्यात आहे. फरक कसा ओळखायचा आणि गॅरंटी किती मागायची?

आधी बघा जाडी "दबाईनंतर" लिहिलीय का. नुसतं "९ इंच मुरूम" लिहिलं असेल तर तो मोकळा ९ इंच, रोलर फिरल्यावर ७ राहतो. दुसरं, ब्रास. मुरूम-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि ब्लॉक बसवायचा ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट, आणि या दोन्हींची खिचडी करून कोटेशन स्वस्त दाखवणारे मी पाहिलेत. तिसरं, त्या निम्म्या कोटेशनमधे पाण्याचं चेंबर, पाइप आणि कर्ब आहेत का? बहुतेक नसतील.

गॅरंटीचं म्हणाल तर पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवा, १९७६ साली रेकॉन्डो कंपनीनं पूर्ण केला, १० वर्षांची हमी दिली आणि रस्ता त्याच्या पुढेही कित्येक वर्षं खड्ड्यांशिवाय राहिला. आज कोणी १० वर्षं लिहून देणार नाही. तुम्ही ३ वर्षं मागा, ५ ते १० टक्के रक्कम निदान एक पावसाळा होईपर्यंत अडकवून ठेवा, आणि जो कुरकुर न करता हो म्हणेल त्याला काम द्या, भले थोडा महाग असो.

काम चालू असताना दोनदा तरी साइटवर जा. पहिल्यांदा मुरूम-खडीचा शेवटचा थर झाल्यावर: भरलेला टिपर चालत्या माणसाच्या वेगानं सगळीकडून फिरवायला सांगा आणि तुम्ही वाकून मागच्या चाकाकडे बघा. जिथे जमीन चाकाखाली गादीसारखी दबून परत वर येते, तिथे खोदायला लावायचं, मग तो कितीही म्हणो की साहेब डांबर पडलं की बसेल. दुसऱ्यांदा डांबराच्या दिवशी. व्हीजी-३० चा माल पसरताना १४० डिग्रीच्या खाली नको आणि रोलिंग ९० च्या आत संपलं पाहिजे असं नाही, ९० वर उतरायच्या आधी संपलं पाहिजे, यात लोक गोंधळतात. दांडीचा थर्मामीटर विकत मिळतो, स्वतःचा न्या. डांबराचा माल बनवायचा प्लँट लांब असेल तर डंपरवर ताडपत्री आहे का बघा, आणि माल थंड निघाला तर डंपर परत पाठवा. ड्रायव्हर कटकट करेल, मुकादम फोन लावेल, तुम्ही खुर्ची टाकून बसा.