४० टक्क्यांची अट खोलीसाठी नाही

बुऱ्हाणपूरहून इंदूरला शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: डावा पाय जन्मापासून अधू, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ३५ टक्के, वसतिगृहात खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तळमजल्यावरची खोली मागितली, तर वॉर्डनबाई म्हणाल्या, ‘४० टक्क्यांच्या खाली आम्हाला काही करता येत नाही.’ प्रवेशाच्या दिवसांत असे प्रश्न बरेच येतात.

वॉर्डनबाई चुकताहेत. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांग कोण, याच्या दोन व्याख्या आहेत. ४० टक्के लागतात ते कलम २(आर) मध्ये, आणि ती व्याख्या शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतल्या ५ टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी. कलम २(एस) मध्ये टक्का नाहीच. दीर्घकाळ टिकणारी आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने वावरू न देणारी कमतरता, एवढंच आहे. खोली बदलून देणं ही ‘वाजवी सोय’, आणि ती नाकारणं हाच कलम २(एच) नुसार भेदभाव. सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात हेच सांगितलं: लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक द्या, ४० टक्क्यांची अट लावू नका. संस्थेला ‘अवाजवी बोजा पडतो’ एवढीच पळवाट उरते. खोल्यांची अदलाबदल हा बोजा कसा, हे संस्थेनेच पटवून द्यायला हवं.

पण तुमची बाजू तुम्हीच कच्ची ठेवली आहे. प्रवेशअर्जात प्रकृतीचा रकाना कोरा, आणि दोन महिने नुसतं तोंडी विचारणं! कागदावर मागणी नाही, म्हणून नकारही नाही. कोर्टात उभं राहायचं ते कशावर?

आता प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आजाराचा इतिहास नको. खोलीपर्यंत पायऱ्या किती, दिवसातून किती फेऱ्या होतात, संडास भारतीय बैठकीचा की कमोडचा, एवढं लिहा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तीत निदानापेक्षा ‘जिने चढणं टाळावं, गुडघा पूर्ण वाकत नाही’ अशी वाक्यं उपयोगी पडतात. मागणीही नेमकी हवी: तळमजला, कमोड, भिंतीला पकडदांडा. ‘योग्य ती सोय व्हावी’ लिहिलंत, तर दुसऱ्या मजल्यावर पाठवून मोकळे होतील.

उत्तर आलं नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय हाती आल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. ही मुदत चुकवू नका. भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांकडेही तक्रार करता येते, पण त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे कळवायलाच संस्थेला ३ महिने मिळतात. तोवर तुमचं सत्र संपेल, याचा मला राग येतो. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट चालेल की नाही, हे महाविद्यालय शासकीय आहे की खासगी, यावर बरंच अवलंबून आहे.

एवढ्यात बाहेर खोली घेऊ नका, नाहीतर ‘विद्यार्थिनी स्वतःहून गेली’ असा शेरा पडेल. घ्यावीच लागली, तर आधी ‘नाइलाजाने जात आहे’ असं लेखी कळवा आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा. ते पैसे परत मिळतीलच, असं मात्र मी सांगत नाही.