वाचक विचारतात : जुने वायरलेस सेट हॅम मंडळींना विकताना

प्रश्न : आमची टॅक्सी सेवा बंद झाली. गाड्यांतून उतरवलेले मोटोरोला जीएम300 चे डझनभर सेट पडून आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय. हौशी हॅम मंडळी (परवाना घेऊन हौस म्हणून रेडिओ चालवणारे) घेतील का? विकण्याआधी काय बघावे?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : घेतील, पण सगळे नाही घेणार. किलोवर मात्र अजिबात देऊ नका. वॅट नंतर बघा, आधी फ्रिक्वेन्सीचा पट्टा बघा. आपल्याकडे हॅमना व्हीएचएफमध्ये 144 ते 146 आणि यूएचएफमध्ये 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. सेट तिथे चालला तर त्याला गिऱ्हाईक आहे. नाही चालला तर ब्रँड कितीही मोठा असो, तो सुट्या भागांसाठीच जाईल.

लेबलवर मॉडेल क्रमांक असतो. तो ‘एम33जीएमसी’ किंवा ‘एम43जीएमसी’ असा सुरू होत असेल तर सेट व्हीएचएफ, ‘एम34’ किंवा ‘एम44’ असेल तर यूएचएफ. दुसरा आकडा पट्टा सांगतो, पहिल्यावरून पॉवरचा अंदाज येतो. पण एवढ्यावर थांबू नका. व्हीएचएफमध्येही दोन जाती आहेत, 136–162 आणि 146–174. पहिली निघाली तर काम सोपे, कारण 145 आरामात बसतो. यूएचएफमध्ये 403–433 आणि 438–470 या जाती जास्त आढळतात आणि आपला 434–438 नेमका त्यांच्या मधल्या फटीत पडतो. म्हणून यूएचएफ सेट ‘हॅमसाठी तयार’ म्हणून विकण्याआधी शंभरदा विचार करा.

146–174 चा सेट बऱ्याचदा 145 वर खाली उतरतो, पण काठावर उतरतो. दुपारी टेबलावर लॉक होणारा, म्हणजे फ्रिक्वेन्सी पक्की धरणारा सेट निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे लॉक सोडतो. मग तो एकसारखा पिपपिप करतो किंवा पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबूनही काही पाठवत नाही. म्हणून असा सेट थंडीत रात्रभर बाल्कनीत ठेवा. सकाळी तापायच्या आत 144.2 आणि 145.8 या दोन्ही ठिकाणी ऐकणे आणि पाठवणे वेगवेगळे तपासा. ऐकण्याची आणि पाठवण्याची व्हीसीओ (फ्रिक्वेन्सी तयार करणारे सर्किट) वेगळी असते, त्यामुळे एक लॉक झाली म्हणजे दुसरीही झाली असे समजू नका. समोरचा फिल्टर वरच्या पट्ट्यासाठी बसवलेला असल्याने ऐकण्याची ताकदही काठावर कमी होते. चांगल्या सेटला 12 डीबी सिनॅडसाठी (बोलणे नीट कळेल इतक्या स्पष्ट आवाजाचे माप) 0.25 ते 0.35 मायक्रोव्होल्ट पुरतात. तुमच्या सेटला याच्या तिप्पट लागत असतील तर तसे गिऱ्हाइकाला सांगूनच विका.

आता परवाना. वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही आपल्याकडे परवानगी लागते. 1933 च्या कायद्यापासून हे चालत आले आहे आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही ती अट आहे. तुमच्या सेवेचा परवाना कुणाच्या नावावर होता, तो परत केला का आणि त्यात किती सेट लिहिलेले आहेत, हे आधी काढा. बंद केलेले सेट ठेवायला आणि धंदा म्हणून विकायला वेगवेगळे परवाने असतात. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. घेणाऱ्याकडे हॅम परवाना हवा. व्हीयू2 किंवा व्हीयू3 ने सुरू होणारी त्याची कॉल साइन, परवान्याची मुदत आणि ओळखपत्र बघा, प्रत ठेवा, पावतीवर प्रत्येक सेटचा सिरियल नंबर लिहा. देवळाली आणि ओझरची लष्करी ठाणी जवळ, त्यात 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर. बेवारस वायरलेस सेट नाशिकात कुणाच्याही हातात जाता कामा नये, हे आम्हाला मनापासून वाटते. ऑनलाइन जाहिरात टाकणार असाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये वॉकीटॉकीसारख्या उपकरणांच्या विक्रीसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचा.

प्रश्न : सेटमधले जुने चॅनल पुसायलाच हवेत का? आणि पुसायचे कसे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हवेतच. त्या फ्रिक्वेन्सी आज दुसऱ्या कुणाला दिलेल्या असू शकतात. नव्या मालकाने सहज पीटीटी दाबले तरी तो दुसऱ्याच्या चॅनलवर जातो.

जीएम300 चे प्रोग्रामिंग पुढच्या माइकच्या सॉकेटमधून होते. मध्ये ‘रिब’ नावाचा इंटरफेस डबा लागतो आणि त्याला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा लागतो. सॉफ्टवेअर डॉस या जुन्या संगणक प्रणालीचे आहे. आजच्या वेगवान संगणकावर त्याची वेळ चुकते आणि यूएसबीचे सिरियल अडॅप्टर बहुतेक वेळा दगा देते. 486 प्रोसेसरच्या काळातला, खरा सिरियल पोर्ट असलेला संगणक शोधा. आधी सेट वाचा, फाइल जपून ठेवा, मगच लिहा. लिहिता लिहिता वीज गेली तर कोडप्लग (सेटमध्ये साठवलेली सगळी मांडणी) अर्धवट राहतो आणि सेट चालू होताच एररचा आवाज देतो. जपून ठेवलेली फाइल अशा वेळी सेट वाचवते, कारण त्या सेटचे मूळ ट्यूनिंग तिच्यात असते. ही फाइल गिऱ्हाइकाला देऊ नका. जुने चॅनल तिच्यातही आहेत.

केनवुडचे टीके-7102 वगैरे सेट हाताळायला सोपे. त्यांना माइकच्या सॉकेटमध्ये बसणारी केपीजी-46 जातीची केबल आणि ‘चर्प’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. म्हणूनच हॅम मंडळींत त्यांना मागणी जास्त.

प्रश्न : विकलेला जीएम300 परत आला. दिवा लागतो, चॅनल बदलतात, पण आवाज शून्य. माझ्याकडे तर चालत होता!
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मागचा 16 पिनांचा कनेक्टर बघा. 15 आणि 16 नंबरच्या पिना जोडलेल्या असल्या तरच आतला स्पीकर बोलतो. गाडीतून सेट उतरवताना मागचा प्लग गाडीतल्या तारांच्या जुडग्यासोबत निघून जातो आणि ती जोडणीही त्याच्याबरोबर जाते. जुळणाऱ्या दोन पिना आणि बोटभर वायर घ्या, दोन्ही पिना जोडा, बाहेरून श्रिंक ट्यूब चढवा. सेट विकताना हा जंपर बसवूनच द्या.

प्रश्न : मीटरवर 25 वॅट दिसतात, तरी समोरचा म्हणतो आवाज बारीक येतो. मीटर चुकतोय का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : मीटर पॉवर मोजतो, आवाज मोजत नाही. 25 किलोहर्ट्झच्या चॅनलसाठी डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी किती हलते ते) 5 किलोहर्ट्झपर्यंत जाते, 12.5 च्या चॅनलसाठी 2.5 पर्यंत. तुमचा सेट अरुंद चॅनलचा आणि समोरचा रुंद असेल तर आवाज निम्म्यावर येतो. उलट असेल तर जोरात बोलताना आवाज फाटतो. जुन्या सेटमध्ये आयएफ फिल्टरच (चॅनलची रुंदी ठरवणारे आतले भाग) त्या मापाचे बसवलेले असतात, सॉफ्टवेअरने ते बदलत नाहीत. हे सांगूनच विका.

फ्रिक्वेन्सीही मोजा. 5 पीपीएम (दहा लाखांत पाच) चूक म्हणजे 145 मेगाहर्ट्झवर 725 हर्ट्झ. जुना क्रिस्टल याहून जास्त सरकलेला असेल तर अरुंद चॅनलवर बोलणे चिरकते.

पॉवर मोजताना अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड लावा. अँटेना लावून तपासणे म्हणजे हवेत उगाच कचरा. पुरवठा 13.8 व्होल्टचा घ्या. 25 वॅटचा सेट पाठवताना 6–7 अँपिअर ओढतो, म्हणून सप्लाय किमान 10 अँपिअरचा हवा. 45 वॅटच्या सेटला 15 ते 20 चा घ्या. सप्लाय कमी पडला की व्होल्ट कोसळतात, सेट पीटीटीवर बंद-चालू होतो आणि बिचारा सेट ‘खराब’ ठरतो. आधी दहा सेकंद पाठवा, मग मिनिटभर. मिनिटभरात पॉवर 25 वरून 15 वर आली तर पॉवर मॉड्यूलखालची थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा मॉड्यूलचे सोल्डरचे टाके सैल आहेत. पेस्ट बदला, टाके पुन्हा मारा, पुन्हा मोजा.

प्रश्न : फ्यूज घातला की लगेच उडतो. सेट मेला का?
– एक वाचक, आडगाव

उत्तर : बहुधा नाही. पुरवठ्याच्या तारांमध्ये उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो. कुणी लाल-काळी उलटी लावली की तो शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. डायोड बदला. पण सेट ट्रकमधून आला असेल तर तो थेट 24 व्होल्टवर लावला गेला नव्हता ना, हे आधी विचारा. तसे झाले असेल तर पुढचे बरेच काही गेलेले असते आणि त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : भाव कसा ठरवावा? हातातल्या वॉकीटॉकीच्या मेलेल्या बॅटऱ्यांचे काय?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : 145 वर मोजलेला, चॅनल पुसलेला, माइक, ब्रॅकेट आणि फ्यूजसह पॉवर केबल असलेला सेट, हा तुमचा पूर्ण भाव. माइक नसेल तर नव्या माइकची किंमत सरळ वजा करा, कारण घेणाऱ्याला ती भरावीच लागणार. अँटेनाचा सॉकेट मिनी-यूएचएफ असेल तर अडॅप्टर सोबत द्या. मोजलेले आकडे चिठ्ठीवर लिहून सेटला चिकटवा : पॉवर, फ्रिक्वेन्सीची चूक, सिनॅड, चॅनलची रुंदी. अशी चिठ्ठी असली की घासाघीस निम्म्याने कमी होते. केवळ डिजिटलवर किंवा ट्रंकिंगवर (केंद्रीय यंत्रणा चॅनल वाटून देते ती पद्धत) चालणारे सेट हॅमना साध्या बोलण्यासाठी उपयोगाचे नाहीत, ते वेगळे काढा.

निकेल-कॅडमियमच्या फुगलेल्या बॅटऱ्या सेटसोबत देऊ नका आणि घंटागाडीतही टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हव्यात. न दुरुस्त होणारे बोर्डही ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्या, पोहोच घ्या आणि त्या सेटचे सिरियल नंबर तुमच्या यादीतून खोडून पोहोचेची तारीख शेजारी लिहा.