सुंदोपसुंदी कशाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘विधिमंडळ नेता निवडायची वेळ आली की "पक्षात सुंदोपसुंदी" असा मथळा हमखास दिसतो. कधी तिथं यादवी असते, कधी साठमारी, कधी नुसतीच लाथाळी. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? इच्छुक पाच असले तरी सुंदोपसुंदीच म्हणायचं का? आणि गटनेता म्हणजेच विधिमंडळ पक्षनेता का?’

एकाच अर्थाचे नाहीत. आणि पाच इच्छुक असतील तर सुंदोपसुंदी म्हणू नये, असं माझं मत आहे. का, ते मूळ गोष्टीतच दडलंय.

महाभारताच्या आदिपर्वात सुंद आणि उपसुंद या दोन भावांची गोष्ट आहे. हिरण्यकशिपूच्या वंशातला निकुंभ, त्याची ही मुलं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. व्यासांनी त्यांचं वर्णन ‘एकराज्यावेकगृहावेकशय्यासनाशनौ’ असं केलंय. राज्य एक, घर एक, अंथरूण एक, बसायचं आसन एक, जेवणही एक. विंध्य पर्वतावर दोघांनी घोर तप केलं आणि ब्रह्मदेवाकडून वर मिळवला: आम्हाला मरण यायचं तर ते एकमेकांच्याच हातून, दुसऱ्या कोणाकडून भय नको. मग काय विचारता! तिन्ही लोक जिंकले, देवांना पळवून लावलं.

बाहेरून कोणी हरवू शकत नाही म्हटल्यावर देवांनी आतून सुरुंग लावला. विश्वकर्म्यानं रत्नांचा तिळातिळानं अंश घेऊन तिलोत्तमा घडवली आणि तिला त्या दोघांपुढे पाठवली. दोघं मद्य घेऊन बसलेले. सुंदानं तिचा उजवा हात धरला, उपसुंदानं डावा. सुंद म्हणाला, ही माझी बायको, म्हणजे तुला वडीलधारी. उपसुंद म्हणाला, माझी बायको, म्हणजे तुझी सून लागते. पुढचे शब्द मुळातूनच वाचण्यासारखे आहेत: ‘नैषा तव ममैषेति’. तुझी नव्हे, ही माझी. गदा उचलल्या गेल्या, दोघंही मेले आणि त्रैलोक्य परत इंद्राकडे गेलं.

सुंद अधिक उपसुंद, गुणसंधी होऊन सुंदोपसुंद. त्याला आपला घरचा ‘ई’ लावला की सुंदोपसुंदी. संस्कृतात ‘सुंदोपसुंद न्याय’ आहे. दोन तुल्यबळ गोष्टींनी एकमेकींना खाऊन टाकावं आणि शेवटी दोन्ही उरू नयेत, अशा ठिकाणी तो लावतात. मराठीनं तो शास्त्रार्थातून उचलला आणि थेट राजकारणात आणला.

आता गोष्टीतल्या खुणा बघा. भांडणारे दोघे आहेत आणि तोडीस तोड आहेत. कालपर्यंत एका ताटात जेवणारे आहेत. मधली वस्तू एकच आहे आणि तिची वाटणी होत नाही. बाहेरच्या शत्रूचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, आणि शेवटी फायदा मात्र त्याचाच होतो. ही शेवटची खूण लोक विसरतात. जिथं दोघांपैकी एक जिंकून सुखानं राज्य करतो, ती सुंदोपसुंदी नव्हे, ती निवडणूक झाली.

म्हणूनच नेतेनिवडीच्या भांडणाला हा शब्द इतका चपखल बसतो. मंत्रिपदं वाढवता येतात, महामंडळं वाटता येतात, नाराजांना कुठली तरी समिती देऊन गप्प करता येतं. नेतेपद एकच. बहुमत हाताशी असलेल्या पक्षाला विरोधक सहसा पाडू शकत नाहीत. ब्रह्मदेवाचा वरच म्हणायचा तो.

हल्लीच्या काळातलं उदाहरण द्यायचं तर मी राजस्थानचं देईन. डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसनं तिथं सत्ता मिळवली. प्रदेशाध्यक्ष सचिन पायलट, पण मुख्यमंत्री झाले अशोक गेहलोत, पायलट उपमुख्यमंत्री. जुलै २०२० मध्ये पायलट आपल्या समर्थक आमदारांना घेऊन हरियाणातल्या मानेसरला जाऊन बसले, तेव्हा त्यांची दोन्ही पदं गेली. गेहलोतांनी त्या दिवसांत त्यांना जाहीरपणे ‘निकम्मा’ म्हटलं. आपल्याकडे भांडणात ‘लायकी काढणं’ म्हणतात, तेच हे.

खरा अंक पुढे रंगला. सप्टेंबर २०२२ मध्ये गेहलोत राष्ट्रीय अध्यक्ष होणार आणि मुख्यमंत्रिपद मोकळं होणार, अशी चिन्हं होती. २५ सप्टेंबरला जयपुरात मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी विधिमंडळ पक्षाची बैठक बोलावली. दिल्लीहून मल्लिकार्जुन खर्गे आणि अजय माकन निरीक्षक म्हणून आले. बैठकीत एका ओळीचा ठराव व्हायचा होता: नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना. (हा ‘एका ओळीचा ठराव’ म्हणजे लोकशाहीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्यात उमेदवाराचं नाव सोडून सगळं असतं.) निरीक्षक वाट बघत राहिले आणि गेहलोतांचे समर्थक आमदार जमले ते मंत्री शांती धारिवाल यांच्या घरी. तिथून निघून त्यांनी विधानसभाध्यक्ष सी. पी. जोशी यांच्याकडे राजीनामे दिले. बैठक झालीच नाही. चार दिवसांनी गेहलोतांनी सोनिया गांधींची माफी मागितली आणि अध्यक्षपदाच्या शर्यतीतून अंग काढून घेतलं. मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडेच राहिलं, पायलट होते तिथंच राहिले.

डिसेंबर २०२३ च्या निकालात भाजपला ११५ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मुख्यमंत्री झाले भजनलाल शर्मा, पहिल्यांदाच निवडून आलेले आमदार. उजवा हात एकाचा, डावा दुसऱ्याचा, आणि त्रैलोक्य तिसऱ्याकडे. पराभवाची कारणं आणखीही असतील, राजस्थानात दर पाच वर्षांनी सरकार बदलण्याची रीतच आहे. पण शब्दाच्या मापानं बघितलं तर माप पुरेपूर भरतं.

त्याहून जुनं आणि त्याहून बिनतोड उदाहरण १९७९ चं. जनता पक्षात मोरारजी देसाई आणि चरणसिंग. जुलैच्या मध्यावर मोरारजी पायउतार झाले, २८ जुलैला चरणसिंगांनी शपथ घेतली ती इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर. तो पाठिंबा काढून घेतला गेला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला एकदाही सामोरं न जाता, त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिराबाई परत आल्या. इथं तर तिलोत्तमा पाठवणारे कोण, हेही सांगायची गरज नाही.

याउलट १९५६. द्विभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडायचा होता. मोरारजींना निवड एकमतानं हवी होती. भाऊसाहेब हिरे रिंगणातून हटेनात, तेव्हा मोरारजी बाजूला झाले आणि सामना हिरे विरुद्ध यशवंतराव चव्हाण असा झाला. यशवंतरावांना ३३३ मतं, हिऱ्यांना १११. दोघे, एक पद, एकच पक्ष, सगळं आहे. पण मतदान झालं, निकाल लागला, राज्य सुरू झालं. याला चुरस म्हणा, सरळ लढत म्हणा. सुंदोपसुंदी म्हणणं हिरे आणि चव्हाण दोघांवरही अन्याय.

आणि १९३७ चं नरिमन प्रकरण तर आणखी वेगळं. मुंबई प्रांतात काँग्रेस जिंकली, नेतेपद आपल्याकडे येणार असं के. एफ. नरिमन धरून चालले होते, निवड झाली बाळासाहेब खेरांची. नरिमनांनी थेट वल्लभभाईंवर ठपका ठेवला, गांधीजी आणि कायदेतज्ज्ञ बहादूरजी यांनी चौकशी केली, निर्णय नरिमनांच्या विरुद्ध गेला. इथं नरिमन विरुद्ध खेर असा सामनाच नव्हता. मराठीत याला ‘डावलणं’ म्हणतात, आणि आजच्या वार्ताहरांच्या बोलीत ‘पत्ता कट’.

आता यादवी. तिची गोष्ट मौसलपर्वातली. प्रभासक्षेत्री मद्यपान चाललेलं, सात्यकीनं कृतवर्म्याला झोपलेल्यांची कत्तल केल्याबद्दल टोमणा मारला, त्यानं उलट, हात तुटून बसलेल्या भूरिश्रव्याला सात्यकीनं मारल्याची आठवण काढली, सात्यकीनं त्याचं मुंडकं उडवलं आणि मग सगळं कूळ एकमेकांवर तुटून पडलं. हातात आली ती एरका नावाची लव्हाळी उपटून त्यांनी एकमेकांना मारलं. मद्य दोन्ही गोष्टींत आहे, पण यादवांपुढे ना तिलोत्तमा होती ना सिंहासन. जुने हिशेब उकरून काढून, कोण कोणाला मारतोय हे न कळता झालेला कुलक्षय म्हणजे यादवी. पक्ष पार फुटून त्याची शकलं झाली की हा शब्द काढावा. नेतेपदासाठी दोन गट हॉटेलात जाऊन बसले एवढ्यावर तो खर्च करू नये.

साठमारी हा शब्द मला आवडतो, पण तो सर्रास चुकीच्या जागी पडतो. बडोदा आणि कोल्हापूर संस्थानांत साठमारीचे खेळ होत. माजावर आलेला हत्ती भिंतींच्या रिंगणात सोडायचा आणि पायी असलेल्या साठमारांनी त्याला डिवचायचं, तो अंगावर आला की हत्तीला शिरता येणार नाही अशा चिंचोळ्या वाटेनं निसटायचं. कोल्हापुरात साठमारी हे ठिकाणाचं नावच होऊन बसलंय. म्हणजे यात एक बलाढ्य आणि त्याला चहूबाजूंनी टोचणारे अनेक. १९९१ च्या जानेवारीत शरद पवारांना मुख्यमंत्रिपदावरून हटवण्यासाठी त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या काहींनी उचल खाल्ली आणि पवार टिकले, त्याला साठमारी म्हटलं तर शोभेल. ‘सत्तेची साठमारी’ हा मथळा मात्र सत्तेसाठी कोणीही कोणाशीही भांडलं तरी येतो. अनुप्रास गोड लागतो, दुसरं काय!

भाऊबंदकीला नात्यागोत्याचा आणि वाटणीचा वास हवा. राघोबादादा आणि नारायणराव पेशवे ही भाऊबंदकी. आडनाव एक असून भांडण चाललं असेल तिथं बिनदिक्कत वापरा. आपल्या राजकारणात काका-पुतण्यांची आणि चुलतभावांची टंचाई नाही. सुंद आणि उपसुंद सख्खे भाऊ होते, पण त्यांच्यात वाटणीचा प्रश्न नव्हता, हे गमतीचं आहे.

लाथाळी म्हणजे गाढवांचा प्रकार. हाती काही लागणार नाही हे ठाऊक असूनही झाडलेल्या लाथा. हरलेल्या पक्षात विरोधी पक्षनेतेपदावरून चालतं ते बहुतेकदा हेच. हिचं अनेकवचन खुशाल होतं, ‘लाथाळ्या’. ‘सुंदोपसुंद्या’ मात्र कोणी म्हणत नाही. ती एकवचनीच, आणि ती ‘माजते’.

बंड आणि फूट यांचा हिशेब वेगळा. त्यात एक जण घर सोडतो. सोडायचं सोडून परत आला तर ‘बंडोबा थंडोबा झाले’. या जोडशब्दाचं श्रेय बाबासाहेब भोसल्यांना दिलं जातं. १९८२ मध्ये अंतुल्यांनंतर ते अचानक मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरात गेले, तेव्हा बंडोबांचा अनुभव त्यांना घरबसल्या मिळाला असणार.

राहता राहिला गटनेता. रोजच्या वापरात गटनेता आणि विधिमंडळ पक्षनेता एकच. महापालिकेत, जिल्हा परिषदेत निवडून आलेल्यांची गटनोंदणी होते, तिथं ‘गटनेता’ अगदी नेमका शब्द. विधानसभेसाठी ‘विधिमंडळ पक्षनेता’ जास्त काटेकोर, पण मथळ्यात मावत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये अजित पवारांच्या जागी जयंत पाटील आणि जून २०२२ मध्ये एकनाथ शिंद्यांच्या जागी अजय चौधरी आले, तेव्हा महाराष्ट्राला हे पद तोंडपाठ झालं. सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं की सभागृहातला नेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या गटाचा नव्हे. त्यामुळे बातमीत ‘पक्षानं नेमला’ आणि ‘आमदारांनी निवडला’ यांत आता कायद्याचा फरक आहे, तो सांभाळावा. तसंच प्रतोद हा माणूस. त्यानं काढायचा तो पक्षादेश, म्हणजे व्हिप. ‘प्रतोद बजावला’ असं नुकतंच वाचलं. प्रतोद म्हणजे मुळात चाबूक, तेव्हा तो ‘ओढला’ तरी एकवेळ चाललं असतं.

तेव्हा पाच इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून बसले असतील तर ‘रस्सीखेच’ लिहा. ओढणारे कितीही चालतात. त्यातले तीन गळून दोन उरले आणि दोघांनीही गदा उचलली, की मग सुंदोपसुंदी. फक्त सुंद कोण आणि उपसुंद कोण हे छापायच्या भानगडीत पडू नका, दोन्हीकडून फोन येतील.