पारंपरिक पद्धतीची बारोलो ही इटालियन रेड वाइन म्हणजे नेमकं काय, आणि घरी ती कशासोबत प्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भाच्याने मिलानहून येताना २०१६ ची बारोलो आणली, दुकानदाराने त्याला "ही ट्रॅडिशनल आहे हां" असं दोनदा बजावून दिली, आता बाटली पुण्यात कपाटात आहे, तर ट्रॅडिशनल म्हणजे काय आणि चकण्याला काय करू.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. चकणा काहीच करू नका. आपल्याकडे आधी पिणं, मग जेवण अशी पद्धत आहे, मसाला शेंगदाणे, चकली, फार झालं तर पापलेट फ्राय, आणि मग अकरा वाजता कोणीतरी म्हणतं चला ताटं घ्या. ही वाइन त्या पद्धतीत बसतच नाही. ती ताटाबरोबरच प्यायची वाइन आहे, नुसती प्यायलात तर पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतील आणि तुम्ही म्हणाल की भाच्याला दुकानदाराने गंडवलं.

मी तोरिनोला नोकरीला आहे (आपण ट्युरिन म्हणतो ते), गाड्यांच्या कंपन्यांमुळे इथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि बारोलो गाव इथून गाडीने तासाभरावर, त्यामुळे घरी कोणी पाहुणे आले की त्यांना तिकडे फिरवून आणायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. तेव्हा तळघरं बघून आणि तिथल्या लोकांच्या ताटात काय असतं ते बघून जे कळलंय ते सांगतो.

बारोलो फक्त नेब्बियोलो या एकाच द्राक्षाची करतात, दुसरं द्राक्ष मिसळलेलं चालत नाही. आल्बा गावाच्या आसपासच्या लांगे नावाच्या टेकड्यांमध्ये ११ गावांची हद्द ठरलेली आहे, त्याच हद्दीतली द्राक्षं. हे द्राक्ष पिकायला उशीर लावतं, बाकीच्यांची तोडणी उरकली तरी हे वेलावरच, बरेचदा ऑक्टोबर उजाडतो. रंगाला फिकं, म्हणजे ग्लासातून पलीकडचं दिसतं, आणि थोडी वय झालेली वाइन असेल तर कडेला विटकरी छटा येते. रंग बघून लोकांना वाटतं हलकी असेल, आणि तिथेच फसतात, कारण टॅनिन (सालातून-बियांतून येणारा तुरट पदार्थ) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, अल्कोहोल हल्ली १४ टक्क्यांच्या आसपास. वास मात्र काय सांगू, इथले लोक ठरलेलं वाक्य म्हणतात, डांबर आणि गुलाब. मला ती आधी थट्टाच वाटायची, पण जुन्या बाटलीत खरंच सुकलेला गुलाब आणि नव्या रस्त्याचा वास एकत्र येतो, मागे थोडं ज्येष्ठमध.

आता टॅनिनचं समजून घ्या म्हणजे जेवणाचं सगळं गणित सुटेल. कोरा काळा चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते, त्यात दूध घातलं की तो तुरटपणा जातो, कारण टॅनिन दुधातल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं. वाइनचंही तेच आहे. तोंडात चिकटायला दुसरं काही नसलं की टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला पकडतं आणि तोंड कोरडं होतं, पण तोंडात मांस, चीज, अंडं, लोणी असलं की त्याला पकडायला भरपूर माल मिळतो आणि वाइन एकदम मऊ लागते. एवढं एक लक्षात ठेवलं तर बाकी काही नाही लक्षात राहिलं तरी चालेल.

आता ट्रॅडिशनल. कायद्याने प्रत्येक बारोलो तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात, आणि रिझेर्वा लिहिलं असेल तर ६२ महिने. पण लाकूड कुठलं, पिंप केवढं, सालं रसात किती दिवस ठेवायची, हे कायदा सांगत नाही, आणि भांडण सगळं तिथेच आहे.

जुनी पद्धत अशी. द्राक्षं चुरडून लाकडी किंवा सिमेंटच्या टाकीत टाकायची, आंबायला लागली की गॅसमुळे सगळी सालं वर तरंगून जाड थर होतो. हा थर वरून लाकडी फळ्या अडकवून रसाखाली दाबून ठेवायचा आणि मग ढवळाढवळ न करता तसंच सोडून द्यायचं, महिनाभर, कधी दीड महिना, आंबणं संपलं तरीसुद्धा. इतके दिवस ठेवल्यावर टॅनिन सालातून आणि बियांतून हळूहळू उतरतं आणि उतरलेलं टॅनिन एकमेकांना जोडून थोडं नरमही होतं. मग ती वाइन बोत्ती नावाच्या प्रचंड पिंपात जाते, हे स्लावोनियातल्या ओकचं असतं (क्रोएशियातला भाग, स्लोव्हेनिया नव्हे, गाइड लोकसुद्धा गोंधळ घालतात), अडीच हजार लिटरपासून दहा हजार लिटरपर्यंत. तळघरात त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण अगदीच छोटे वाटतो. खाली पुढच्या बाजूला एक एवढंसं दार असतं, पिंप रिकामं झालं की घरातला सगळ्यात बारीक माणूस त्यातून आधी एक खांदा, मग डोकं, मग दुसरा खांदा असा तिरका होत आत शिरतो आणि आतून घासून काढतो. मी एकदा बघितलंय, आतून नुसता ब्रशचा आवाज येत होता आणि बाहेर त्याचे वडील टॉर्च धरून सूचना देत होते. अशी पिंपं वर्षानुवर्षं वापरतात त्यामुळे लाकडाची चव वाइनला लागत नाही, नुसती हवा अगदी हळू आत झिरपत राहते.

१९७० आणि ८० च्या दशकात काही तरुण मंडळी फ्रान्समधलं बघून आली आणि म्हणाली हे असं कसं चालेल, बाहेरच्या गिऱ्हाइकाला पंधरा वर्षं थांबायला वेळ नाही. त्यांनी फिरणाऱ्या आडव्या टाक्या आणल्या, महिन्याचं काम काही दिवसांत, आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली ज्यांना बारिक म्हणतात, त्यातून व्हॅनिला आणि भाजल्यासारखी चव येते. या नव्या मंडळींतल्या एलियो अल्तारेचा किस्सा तर इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्याने १९८३ मध्ये बापाची जुनी पिंपं करवतीने कापून टाकली आणि बापाने त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो, हा माणूस २००५ मध्ये गेला पण शेवटपर्यंत हटला नाही, लेबलं स्वतः हाताने रंगवायचा आणि एका लेबलवर त्याने चक्क 'नो बारिक, नो बेर्लुस्कोनी' (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतला राजकारणी) लिहिलं होतं. त्याच्या बाजूचे दुसरे ज्युसेप्पे रिनाल्दी, मूळचे गुरांचे डॉक्टर, आणि जाकोमो कोंतेर्नोचं घराणं, ज्यांची मोनफोर्तीनो नावाची बारोलो मोठ्या पिंपात सात-एक वर्षं पडून असते. या तिघांच्या बाटल्यांच्या किमती आज बघू नका, झोप लागणार नाही.

माझं मत विचाराल तर मी जुन्या पार्टीचा, पण नवी मंडळी सगळीच चूक होती असंही नाही, तळघरांमधली स्वच्छता आणि शेतात घड विरळ करून माल सुधारणं यात त्यांचा मोठा हात आहे. आज बहुतेक जण मधलं काहीतरी करतात, त्यामुळे लेबलवरून ओळखता येत नाही, ट्रॅडिशनल असा शिक्का कुठेच नसतो. उत्पादकाच्या नावाने शोधा आणि मोठं पिंप, लांब मॅसरेशन (म्हणजे सालं रसात जास्त दिवस ठेवणं) असं काही दिसतंय का बघा. गावाचं नाव असेल तर तेही बघा, ला मोर्रा असेल तर साधारण मऊ आणि सुगंधी, सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते असेल तर जास्त कडक.

आता ताट. इथलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ब्रासातो, बीफचा खांद्याकडचा अख्खा तुकडा, गाजर, कांदा, सेलरी, लवंग, दालचिनी आणि तमालपत्राच्या इकडच्या भावाबरोबर रात्रभर बारोलोत बुडवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परतून त्याच वाइनमध्ये तीनेक तास मंद आचेवर, मग भाज्या घोटून त्याचाच दाट रस. हल्ली घरी कोणी भांड्यात खरी बारोलो ओतत नाही, स्वस्तातली नेब्बियोलो किंवा बार्बेरा (इथलीच दुसरी रेड) ओततात आणि बारोलो ग्लासात ठेवतात, तेच शहाणपणाचं. दुसरं तायारिन, किलोभर पिठाला तीस-तीस अंड्यांचे बलक घालून केलेल्या केसासारख्या बारीक शेवया, वर नुसतं लोणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्बाचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) किसून. तिसरं आन्योलोत्ती देल प्लिन, भाजलेल्या मांसाचं सारण भरून चिमटीने बंद केलेले पास्त्याचे छोटे तुकडे. आणि कास्तेलमान्यो नावाचं डोंगरातलं भुसभुशीत चीज. सगळ्यात एक समान बघा, अंडं, लोणी, मांस, चीज, मंद आच, आणि तिखट शून्य.

आणि इथले लोक पहिल्या ग्लासापासून बारोलो घेत नाहीत. सुरुवातीच्या बारीकसारीक खाण्याबरोबर दोल्चेत्तो (हीही इथलीच रेड) किंवा बार्बेरा, लसूण आणि अँचोव्ही या छोट्या खारवलेल्या माशाच्या गरम बान्या काउदा सॉसबरोबर तर बार्बेराच, बारोलो मुख्य जेवण आलं की मगच उघडतात.

पुण्यात काय करता येईल? तांबडा रस्सा, ठेचा, मिसळ, भरपूर लाल तिखटाचं काहीही नको, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिन दोन्ही वाढतात, पैसे पाण्यात. सुरमई-बांगडाही नको, रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही आणि तोंडात धातूची चव येते. श्रीखंड-बासुंदीबरोबर तर अजिबात नाही, गोडाने वाइन कडू लागते. मटण करा, खांद्याचा किंवा नळीचा तुकडा, कांदा भरपूर लाल करून, खडा मसाला जपून, मिरी चालेल, मिरची जवळजवळ नाही, आणि कुकरच्या शिट्ट्या न करता जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून तीन तास. पांढरा रस्सा हिरवी मिरची कमी करून केलात तर माझ्या मते तोही जमतो, नारळाचं दूध, खसखस, हाडांचा अर्क, टॅनिनला पकडायला सगळं आहे त्यात. पाव नाही, भाकरी नाही, साधा भात किंवा लोण्यात घोटलेला बटाटा. घरात शाकाहारी असतील तर मशरूम लोण्यात चांगले तपकिरी होईपर्यंत परतून, मऊ शिजवलेल्या भातात मिसळून वर भरपूर पार्मेझान. पनीर फिकं पडतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी रंगीत तालीम करायची असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते ही रेड घ्या, ती सांजोवेझे आणि काबेर्ने या द्राक्षांची आहे, नेब्बियोलो नव्हे, पण जेवणाबरोबर इटालियन धाटणीची रेड कशी चालते ते कळेल.

२०१६ हे साल उत्तम मानतात, बाटली चांगल्या तळघरात अजून बरीच वर्षं राहिली असती, पण पुण्याच्या कपाटात नाही. एप्रिल-मे मध्ये घरात पस्तीस-छत्तीस डिग्री झाली की वाइन शिजते, तेव्हा वाइनचा फ्रिज नसेल तर साठवायच्या भानगडीत पडू नका, या थंडीतच उघडा. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. जेवणाच्या दोन-तीन तास आधी हळूच काचेच्या जगमध्ये ओता, तळाचा गाळ बाटलीतच सोडा, तो खराब झाल्याचं लक्षण नाही. रूम टेम्परेचर म्हणजे इथल्या दगडी घरांचं, १६ ते १८ डिग्री, म्हणून जेवायला बसण्याआधी अर्धा तास जग फ्रिजमध्ये. ग्लास मोठ्या पोटाचे असले तर बरं, नसतील तर पाण्याचे चालतील, फक्त अर्ध्यापेक्षा कमी भरा.

चार माणसांना एक बाटली पुरते. उरली तर परत बाटलीत ओतून बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या मटणाबरोबर घ्या, जुन्या पद्धतीची बारोलो बरेचदा दुसऱ्या दिवशीच जास्त मोकळी होते.