खोडलेली ओळ

"वडील गेल्यावर दीड वर्षाने भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. आई म्हणते, बहिणीने भावाच्या जमिनीवर डोळा ठेवू नये. नवरा म्हणतो, हक्काचं सोडणारी मूर्ख. मंगळवारी रजिस्ट्रीला जायचंय. काय करू?"
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवलात ते बरं झालं. टाइप केलं असतंत तर खोडलेली ओळ दिसली नसती. "आप्पांना डायलिसिसला दर शनिवारी मीच" – इथे पेन थांबलंय, वर दोन रेघा. अडीच पानांत आईचं, नवऱ्याचं, ऑफिसातल्या मैत्रिणीचं, सगळ्यांचं म्हणणं आहे. तुमचं तेवढं खोडलंय.

कायद्याचं पटकन सांगते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा 9 सप्टेंबर 2005 पासून आहे. म्हणजे ती नुसती 'भावाची जमीन' नाहीच. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आईला मात्र लबाड समजू नका. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी साडीचोळीवर हिस्सा सोडला, कारण उद्या नवऱ्याने टाकलं तर माहेरचं एकच दार उघडं होतं. तो व्यवहार होता. 'चांगली बहीण' हे नाव त्याला मागाहून पडलं. तुम्ही कमावत्या आहात, ती भीती तुम्हाला नाही. पण जमिनीआधी तो नियम तुमच्याकडे वारशाने आला. एकदा आईला विचारा, तिने स्वतः सही केली तेव्हा तिला काय वाटलं होतं. मला उत्तर ऐकायला आवडेल.

नवऱ्याच्या 'हक्का'कडेही जरा बघा. घराच्या कर्जाचा विषय तुम्हीच त्याच ओळीत काढलाय. (खवचटपणा आहे, पण लिहितेच.)

हिस्सा सोडणं चूक असं मी म्हणत नाही. भाऊ शेती कसतो, आईला बघतो, म्हणून राजीखुशीने सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या सुखात आहेत. 'लोक काय म्हणतील' म्हणून सोडणाऱ्याही पाहिल्यात. त्या दर भाऊबीजेला ओवाळणीचं पाकीट मनातल्या मनात मोजतात.

मंगळवारी जाऊ नका. दादाकडून सातबारा आणि कागदाचा मसुदा मागून घ्या. चिडला तर सांगा, "मी अजून वाचलेलं नाही, दादा." तुमच्या पत्रावरून ते खरंही दिसतंय.