एका शेंगेतले दाणे

प्रश्न : माझ्या जुळ्या लेकींना पाहून इंग्रजीच्या बाई ‘लाइक टू पीज इन अ पॉड’ म्हणाल्या. याला मराठीत ‘एका माळेचे मणी’ म्हणावे का? – एक वाचक, लातूर

उत्तर : कृपया म्हणू नये. ‘एका माळेचे मणी’ आपण बहुधा सारखेच दोष असणाऱ्यांना म्हणतो, तर या इंग्रजी वाक्प्रचारात केवळ विलक्षण साम्य सांगितलेले असते. वाटाण्याची शेंग सोलली की एकाच घडणीचे हिरवे दाणे ओळीने बसलेले दिसतात, आणि मार्गशीर्षात तुरीची ओली शेंग उकलणाऱ्या मराठवाड्याला हे चित्र वेगळे समजावून द्यावे लागत नाही. म्हणून ‘एका शेंगेतले दाणे’ असे खुशाल लिहावे. ‘चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’ मात्र बापाच्या वळणावर गेलेल्या लेकरासाठी आहे, कारण ढलपी ओंडक्याच्याच लाकडाची असते. ‘वन ऑफ अ काइंड’ म्हणजे तिच्यासारखी तीच.